जावयाच्या दारातला बर्फ

५ ऑक्टोबर, रविवार

आजपासून रोजनिशी. वही तांदळाच्या डब्यामागे ठेवणार. मथुरा तिथे रोज हात घालते, त्यामुळे तिथे काही लपवलं असेल असा संशय तिला येणार नाही.

लेकीचा, अनुजाचा फोन. कॅनडातून. जानेवारीत बाळंतपण. मथुरा आधी रडली, मग हसली, मग फोन घेऊन विहिरीकडे गेली. विहिरीकडे का? रेंज पडवीतही असते. मी मागोमाग गेलो तर तिने लगेच फोन माझ्या हातात दिला. अनुजाने तब्येत विचारली, बरी आहे म्हणालो, आणि आवाज तुटला. नंतर मथुराने सांगितलं, नोव्हेंबरात बोलावल्यान हा, तिकीट देवेश काढतलो. देवेश म्हणजे जावई.

तर आम्ही जाणार. मला वेगळं आमंत्रण आलेलं नाही, पण नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळी आमंत्रणं द्यायची पद्धत आपल्यात नाही.

व्हिसा दोघांचा मागेच झालेला आहे. तेव्हा तिकीट काढायच्या वेळी मीच मोडता घातला. लेकीच्या घरी फुकट बसून जेवणारा बाप मी नव्हे. माझे वडील बहिणीकडे जायचे तेव्हा डबा घरून न्यायचे आणि तिच्या ओसरीवर बसून खायचे. हे मी तेव्हा व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर सांगितलं. सगळे गप्प झाले. पटलं असणार.

पण काम करून जेवलं तर ते फुकट होत नाही. हा मुद्दा तेव्हा कोणी काढला नाही, आज मी काढला. आणि काम तयार आहे. गेल्या हिवाळ्यात देवेशने फोटो पाठवला होता. त्याचं घर, गुडघाभर बर्फ, दारात छोटा नारिंगी ट्रॅक्टर, त्याला पुढे बर्फ ढकलायचं पातं. शेजारी देवेश अंगठा वर करून उभा. जावई कॉम्प्युटरवाला. त्याला ट्रॅक्टरमधलं काय कळणार? माझ्याकडे मात्र तेवढ्याच आकाराचा ट्रॅक्टर आहे, आंब्याच्या बागेत फवारणीसाठी घेतलेला.

निश्चय: जाण्याआधी बर्फ काढण्याचं काम इथेच पक्कं शिकून घ्यायचं. कोणाला सांगायचं नाही. तिथे पोचल्यावर सकाळी उठून गुपचूप रस्ता साफ करायचा आणि मग चहाला बसायचं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अभ्यास सुरू. मोबाईलवर एक लाल टोपीवाला अमेरिकन छोटा ट्रॅक्टर बर्फासाठी कसा तयार करायचा ते दाखवतो. इंग्रजी भराभर बोलतो, पण हातवारे स्पष्ट आहेत. समजलं ते असं. पुढे पातं, थोडं तिरकं, म्हणजे बर्फ एका कडेला पडतो. मागे वजन बांधायचं, नाहीतर चाकं जागच्या जागी फिरतात. चाकांना साखळ्या. पात्याखाली दोन लोखंडी पाय, म्हणजे पातं जमीन उकरत नाही. आणि बर्फ पडायच्या आधी वाटेच्या दोन्ही कडांना काठ्या रोवायच्या, कारण नंतर वाट कुठे नि बाग कुठे ते कळत नाही.

पायांची गरज वाटत नाही. अमेरिकन माणसं उगाच घाबरट.

मथुराने विचारलं, काय बघतास. म्हटलं बातम्या. म्हणाली, बातमेत इतके ट्रॅक्टर कित्याक दाखयतत? तिने एवढं बारकाईने का बघावं?

११ ऑक्टोबर, शनिवार

तळेऱ्याला जाऊन आलो. तिथे नाक्यावर एक वेल्डर आहे, स्टॅनली. जुनी लोखंडी पाण्याची टाकी उभी कापून तिचं पातं करायला दिलं. उचलायला हाताचा दांडा. कशाक होया, म्हणाला. म्हटलं, खाजगी आहे. त्याने मान डोलावली. खाजगी म्हटल्यावर माणूस मान डोलावत नाही, आणखी विचारतो. म्हणजे याला आधीच काही माहीत आहे.

मोबाईलवर ट्रॅक्टरचा फोटो दाखवला, तर फवारणीचा पंप ज्या जागी बसतो तिथेच पात्याचा दांडा येतोय, बोल्ट घालू की वेल्डिंग मारू, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मार वेल्डिंग. कॅनडात जाणारा माणूस अर्धवट काम करत नाही.

परत येताना एसटीत आठवलं. स्टॅनली हा आंतोनचा भाचा.

१२ ऑक्टोबर, रविवार

आंतोनबद्दल लिहून ठेवतो. आमचा शेजारी, गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणाच्या पलीकडे घर. बायको रोझालिना. तो सगळं आयुष्य जहाजावर होता. नॉर्वे, रशिया, कुठे कुठे. आमच्या आवाठात, म्हणजे वाडीत, खरा बर्फ पाहिलेला हा एकच माणूस. तीस वर्षं मी त्याच्याकडे साधा शेजारी म्हणून बघत होतो. आता वेगळ्या नजरेने बघावं लागेल.

उद्या कोणी देवेशला सांगितलं की बर्फाचा माहीतगार माणूस हवा असेल तर आंतोन आहे, तर? आणि मथुरा रोझालिनाकडे हल्ली रोज जाते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

स्टॅनली पातं घेऊन आला. देखणं आहे. वेल्डिंग मारून बसवून गेला. ट्रॅक्टर आता बोकडासारखा डोकं खाली घालून उभा आहे.

मागे वजन म्हणून चिरे बांधले. साखळ्यांचा प्रश्न होता. आंतोनच्या होडीची नांगराची जुनी साखळी त्याच्या मांगरात, सामानाच्या खोपटात, पडली आहे हे मला माहीत होतं. गेलो, सहज विषय काढला. तो म्हणाला, होयी तितकी ने रे, माका काय करूची आसा. किंमत नाही, चौकशी नाही. माणूस इतक्या सहज काही देत नाही. साखळी घरी आणून कडी न् कडी तपासली. सगळ्या शाबूत. म्हणजे काय असेल ते पुढे कळेल.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळ

पहिला सराव, किनाऱ्यावर. वाळू पांढरी, मऊ, बर्फाला जवळची. पोफळीच्या काठ्यांना मथुराच्या जुन्या लाल साडीच्या चिंध्या बांधून दोन रांगांत रोवल्या. मधली वाट म्हणजे देवेशच्या दारातली वाट.

सुरुवात उत्तम. पात्यासमोर वाळूचा ढीग झाला, ढीग मोठा झाला, ट्रॅक्टर थांबला. मागे घेतला. साखळीने चाकाखाली खड्डा केला आणि चाक त्यात बसलं. लाल टोपीवाल्याच्या व्हिडिओत असं झालं नव्हतं.

तोच दिवस, संध्याकाळ

बघ्यांची गर्दी जमली. त्यात तलाठी आले. शुद्ध मराठीत म्हणाले, आपण वाळू उपसा करत आहात का? मी म्हटलं, साहेब, मी वाळू नेत नाही, इकडची तिकडे करतो. ते म्हणाले, कशासाठी? म्हटलं, सराव. कसला सराव? आता काय सांगणार? मी पात्यावरची वाळू झाडू लागलो.

तेवढ्यात मागून आंतोन म्हणाला, साहेब, त्येका जावयाच्या दारातलो बर्फ काढूचो आसा.

सगळा किनारा हसला. तलाठीही हसले. म्हणाले, पुन्हा दिसलात तर ट्रॅक्टर जमा करावा लागेल. ट्रॅक्टर बाहेर काढायला आंतोननेच फळ्या आणल्या, चाकाखाली घातल्या. मदतीच्या आड काय काय लपवता येतं ते मला चांगलं कळतं.

गुप्तता संपली. कोणी फोडलं? स्टॅनली, मथुरा, किंवा मोबाईल.

२२ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळी. मथुराचं वागणं संशयास्पद. एक: रोझालिनाकडून चाकांची मोठी बॅग आणली. एकच. दोघांना एक बॅग कशी पुरेल? म्हटलं तर म्हणाली, पुरता. दोन: मला कुकर लावायला शिकवते आहे. पेजेक पाणी कमी घालू नका, लागता, असं रोज सांगते. तीन: मसाल्याच्या डब्यांवर कागद चिकटवून नावं लिहिली आहेत. मालवणी मसाला, हळद, सोलं.

विचार केल्यावर उलगडा झाला. कॅनडात अनुजाच्या बाळंतपणात ती गुंतलेली असणार. स्वयंपाक माझ्यावर येणार. मला न दुखवता तयार करते आहे. चांगली बाई आहे, पण सरळ बोलत नाही.

म्हणजे आता माझ्याकडे दोन कामं. बर्फ आणि पेज. फुकटचा प्रश्नच मिटला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

वाळू जड पडते. बर्फ हलका असतो. गिरणीतून भाताच्या तुसाच्या गोणी आणल्या, घरामागच्या वाटेवर घोटाभर पसरल्या. दिसायला थेट फोटोतल्यासारखं, रंग सोडला तर.

पातं खाली टाकलं, निघालो. तूस एका कडेला पडू लागलं, अगदी लाल टोपीवाल्यासारखं. आयुष्यात इतका आनंद फार थोड्या वेळा झाला असेल. मग खारा वारा सुटला. सगळं तूस उठलं आणि गडगा ओलांडून रोझालिनाच्या अंगणात गेलं. तिथे तिने सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत घातली होती.

ती बाहेर आली. म्हणाली, गंगारामभाऊ, ही सुंगटा आता कोण खातलो? मी म्हटलं, वाऱ्याची दिशा तुम्हीच आधी सांगायला हवी होती, तुम्ही दर्यावर्दी माणसं. संध्याकाळी मथुरा तिच्यासोबत सुपात घेऊन सुंगटं पाखडत होती. दोघी हळू आवाजात बोलत होत्या. मी जवळ गेलो की गप्प. एकदा रोझालिना म्हणालेलं ऐकू आलं, सांग गो त्यांका. मथुरा म्हणाली, सांगतंय, कसा सांगू ताच कळना नाय.

सुंगटांची भरपाई मागायची असणार. मी विचारलंच नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

काही नाही. आंतोन गडग्यावरून दोनदा ट्रॅक्टरकडे बघून गेला.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज सगळं सविस्तर लिहायला हवं, कारण उद्या मथुरा वेगळं सांगेल.

कल्पना साधी होती. आपल्याकडे बर्फ नाही असं कोण म्हणतं? देवगडच्या बंदरावर बर्फाचा कारखाना आहे, मासळीसाठी चुरा मिळतो. धोंडू टेम्पोवाला मासळी पोचवून रिकामा येतो, त्याच्या टेम्पोत उरलेला चुरा असतो. त्याला सांगून ठेवलं होतं. सकाळी त्याने सगळा चुरा आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, ओतला. वास बांगड्याचा होता, पण बर्फ खरा होता. हात लावून बघितला. मी मथुराची शाल गुंडाळून घेतली, सवय व्हावी म्हणून.

खळं मथुराने दिवाळीनंतर नवं केलेलं. माती घालून, पाणी मारून, चोपून, शेणाने सारवून. तुळशीच्या लग्नाची तयारी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण बर्फ दुसरीकडे ओतायला जागा नव्हती.

ट्रॅक्टर सुरू होईना. चिऱ्यांच्या वजनाने मागची कुठली तरी तार ताणली होती. ती सोडवेपर्यंत ऊन खळ्यात आलं. आवाठातली सगळी मांजरं आली. कावळे आले. बर्फ कडेने वितळून तांबडं पाणी वाहू लागलं. वेळ थोडा होता म्हणून मी पातं जोरात खाली टाकलं आणि ट्रॅक्टर सोडला.

पात्याला पायांची गरज होती. पात्याने बर्फ उचलला, बर्फाखालचं खळंही उचललं, चादर ओढावी तसं, आणि सगळं मिळून तुळशीवृंदावनावर नेऊन टाकलं. वृंदावन पडलं नाही, कललं.

मथुरा काही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. खाली बसली, ढेकळं हातात घेतली आणि म्हणाली, खळा माझा, तुळस माझी, आणि बर्फ तुमचो.

मी म्हटलं, अनुजासाठीच करतोय. ती हातातली ढेकळं ठेवून उठली. काहीतरी बोलणार होती, पण मांजराने मध्येच चूल गाठली.

धोंडूने मुद्दाम जुना बर्फ आणला असणार. ताजा असता तर इतक्यात वितळला नसता.

३ नोव्हेंबर, सोमवार

तुळशीचं लग्न. कललेल्या वृंदावनाला ट्रॅक्टरमागच्या काही चिऱ्यांचा टेकू. खळं रोझालिनाने येऊन मथुरासोबत पुन्हा सारवलं. लग्नाला आवाठातली माणसं आली. मंगलाष्टकं चालू असताना कोणी तरी म्हणालं, नवरी कलंडून खंयसर बघता? हसले. मी अक्षता टाकताना एकेकाचं तोंड बघून ठेवलं.

९ नोव्हेंबर, रविवार

पुरावा मिळाला. मथुरा बाजारात गेल्यावर बॅग उघडून बघितली. तिळाचे लाडू, अळीव, बाळाचे लंगोट, तिची नऊवारी, कशाला तर दुपटी शिवायला. आणि तळाशी आंतोनचा जहाजावरचा जाड कोट.

आंतोनचा कोट आमच्या बॅगेत. दोन शक्यता. एक, आंतोन येतोय. दुसरी, कोट माझ्यासाठी आहे. घालून बघितला. अंगात बसतो, पण बाह्या आखूड केल्या आहेत, माझे हात मनगटाच्या वर उघडे पडतात. शिवण रोझालिनाच्या हातची. चुकली बिचारी. माझं माप घ्यायला लाजली असेल.

कोट माझ्यासाठी आहे हे नक्की झालं. आंतोनबद्दल थोडं वाईट वाटलं. थोडंच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बागेत चक्कर. पालवी जून झाली आहे, फवारणीची वेळ. पण पंपाच्या जागेवर पात्याचा दांडा वेल्ड केलेला. स्टॅनलीला फोन केला. म्हणाला, मी इचारलंय तेव्हा तुमीच सांगलास. हे लोक सगळं लक्षात ठेवतात. आंतोन म्हणाला, माझो हातपंप घेऊन जा. नको म्हटलं. जाईपर्यंत काही तरी करू, नाहीतर आंतोन सगळ्यांना सांगणार की माझ्या पंपावर आंबा झाला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

झालं ते लिहितो.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. अनुजा, देवेश दोघं. अनुजाचा चेहरा सुजलेला, पण छान दिसत होती. मी ठरवलं, आता सांगून टाकायचं. मोबाईल घेऊन खळ्यात गेलो, ट्रॅक्टर दाखवला. पातं, साखळ्या, चिरे. म्हटलं, जावईबापू, आता तुम्ही झोपा उशिरापर्यंत, दारातला बर्फ माझ्याकडे लागला. तिथल्या पात्याला पाय किती उंचीवर ठेवले आहेत तेवढं बघून सांगा, त्यात मी एक धडा शिकलो आहे.

देवेशने अनुजाकडे बघितलं. मला वाटलं पुन्हा आवाज तुटला.

मग देवेश म्हणाला, बाबा, तो ट्रॅक्टर आमचा नाही. कॉलनीने एक माणूस लावलाय, तो येतो बर्फ काढायला. मी नुसता फोटो काढला होता, बाजूला उभं राहून.

मी म्हटलं, अच्छा.

अनुजाने विचारलं, बाबा, तुम्ही येणार होता? मी मथुराकडे बघितलं. मथुरा म्हणाली, तिकीट माझ्या एकटीचा काढल्यानी. तुमीच नाय म्हटलास, सगळ्यांसमोर. मगे हो ट्रॅक्टर बघून माका कळला, पण सांगूक धीर होईना.

मी म्हटलं, मला माहीत होतं. बॅग एकच होती ना.

अनुजा म्हणाली, बाबा, आईच्याच विमानात अजून जागा आहे, काढू तुमचं तिकीट? मी म्हटलं, येऊन करू काय? ती म्हणाली, काही करू नका. नुसते या. नुसते या, हे पाहुण्याला म्हणतात. बापाने नुसतं जाऊन लेकीच्या घरी काय करायचं? ताटावर बसायचं? म्हटलं, मोहर आलाय, फवारणी राहिली आहे, मी निघालो तर आंबा जाईल. ती पुन्हा म्हणाली, या ना. मी म्हटलं, बघू पुढच्या वर्षी. मग देवेशने विचारलं, मग पुन्हा अनुजाने.

मोहर आलेला नाही. एका कलमावर थोडा फुटवा आहे, तोही बहुतेक पालवीचा.

फारसा आग्रह झाला नाही. तीन-चार वेळाच विचारलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

निश्चय: पुन्हा विचारलं तर हो म्हणायचं. फार आढेवेढे घ्यायचे नाहीत. म्हणायचं, तुझा जीव एवढा अडकला असेल तर येतो बाई.

मोबाईल पूर्ण चार्ज करून खिशात ठेवला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन नाही. आंतोनला विचारलं, तुझा फोन लागतो का. लागतो म्हणाला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

फोन आला. मथुराच्या प्रेशरच्या गोळ्यांबद्दल. मी बराच वेळ मागे उभा होतो. एकदा मोठ्याने म्हटलंही की मोहर काही फार नाही यंदा. अनुजाने विचारलं असेल, पण मथुराने मला सांगितलं नाही. किंवा विचारलं नसेल. माझं म्हणणं तिने खरं मानलं. लहानपणापासून ती माझं सगळं खरं मानते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वैभववाडी स्टेशन. मुंबईत रोझालिनाची मुलगी रिशेल मथुराला घ्यायला येणार आणि विमानात बसवून देणार. सगळं ठरलेलं होतं, मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. आंतोन आणि रोझालिनाही सोडायला आले. आंतोनने बॅग उचलली, मी म्हटलं मी उचलतो, त्याने हातात दिली. आज त्याच्यावर कसला संशय घ्यावा ते सुचेना.

गाडी यायला वेळ होता. मोबाईलवर अनुजाला लिहिलं, मी येऊ का गो. पाठवलं नाही. रेंज नव्हती. शेजारी मथुराचा फोन वाजला आणि ती अनुजाशी बोलत बसली.

कोट घातल्यावर बाह्या तिला बरोबर बसल्या.

चढताना म्हणाली, येळेर जेवा. आणि ता पाता काढा आता, फवारणीक उशीर झालो. मी म्हटलं, काढतो. गाडी गेली. रोझालिना म्हणाली, चला गंगारामभाऊ, आमच्याकडे जेवा. मी म्हटलं, नको, पेज करायची आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

स्टॅनली येऊन दांडा कापून गेला. पंप बसला, पण गळतो. आंतोनचा हातपंप आणला. तो स्वतः सोबत आला, बादली धरून उभा राहिला. संध्याकाळपर्यंत अर्धी बाग झाली. फार बोलला नाही. रशियाचा बर्फ कसा असतो ते सांगू का, म्हणाला. म्हटलं, सांग. काही खास नसतो, म्हणाला. निसरडो आसता आणि माणूस घराक याद करता.

पात्याचं काय करायचं ते ठरलं नाही. सध्या विहिरीला आडोसा म्हणून उभं केलं आहे.

१४ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ

व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ. मथुराने मोबाईल खिडकीला लावला आणि बर्फ दाखवला. खूप पडला होता. वाट दिसतच नव्हती. दोन्ही कडांना काठ्या रोवलेल्या.

नारिंगी ट्रॅक्टर आला. प्रत्यक्ष बघितला. म्हातारा चालवत होता, पांढरी दाढी, माझ्याहून मोठा असेल. पात्याचा तिरकेपणा चुकीचा होता, बर्फ अर्धा परत वाटेत पडत होता. मी मथुराला सांगितलं, त्याला सांग, पातं आणखी डावीकडे. ती म्हणाली, माका खंय इंग्लिश येता.

वाट साफ झाली. म्हाताऱ्याने ट्रॅक्टर बंद केला, दारात आला, बूट झटकले आणि सरळ आत. मथुराने मोबाईल आत वळवला. अनुजाने त्याला खुर्ची दिली. पोट सांभाळत चहा आणून दिला. मथुराने ताटलीत तिळाचे लाडू ठेवले, घे रे बाबा, आणखी एक घे, असं मालवणीत म्हणत होती आणि तो घेत होता. चांगला ऐसपैस बसला होता. त्या खुर्चीच्या मागे भिंतीवर आमच्या सगळ्यांचा फोटो आहे, त्यात मीही आहे. मला तिथे असायला हवं होतं. बर्फ असो नाहीतर नसो.

मी विचारलं, हा कोण? अनुजा म्हणाली, हाच तो कॉलनीचा माणूस, बाबा. एकटा असतो. कामाचे पैसे कॉलनी देते, आम्ही काही देत नाही. मी विचारलं, मग रोज बोलावता का याला आत?

अनुजा हसली. म्हणाली, त्याका बोलवूचा लागणा नाय बाबा, तो येता.

मी म्हटलं, बरं आहे. पेज थंड होतेय, ठेवतो.

पेज अजून केली नव्हती.